कोपनहेगन आणि तंजावरचे मोडी कागद

समुद्रगमन शास्त्रसंमत की निषिद्ध, या प्रश्नावर महाराष्ट्रात एके काळी मोठे वाद झाले आणि विलायतेहून परतलेल्या कित्येकांना प्रायश्चित्तेही घ्यावी लागली. आज तो वाद विस्मरणात गेला आहे. हुबळी-धारवाडसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या गावांतील निवृत्त शिक्षकही मुलाबाळांच्या आग्रहाने युरोपातील पर्यटनबोटींतून हिंडून येतात. या बोटी म्हणजे तरंगती गावेच होत. त्या रात्रभर चालतात, सकाळी एखाद्या राजधानीच्या बंदराला लागतात आणि दिवस मावळला की पुन्हा सुटतात. प्रवाशाच्या वाट्याला एकेका नगरीचे आठ-नऊ तास येतात. असे आठ तास मलाही डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे मिळाले. त्या आठ तासांचे साग्र वर्णन करावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. त्या नगरीत मराठीशी निगडित असे जे होते आणि जे मला दिसले नाही, त्याची हकीकत येथे सांगावयाची आहे.

आमची बोट नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथून निघाली होती. डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधील एरेसुंड नावाच्या सामुद्रधुनीत ती पहाटे शिरली. हेलसिंगोर गावापाशी ही सामुद्रधुनी अवघी चार किलोमीटरांच्या आसपास रुंद आहे, आणि १४२९ पासून १८५७ पर्यंत डेन्मार्कचे राजे येथून जाणाऱ्या जहाजांकडून जकात घेत असत. काठावर क्रोनबोर्गचा किल्ला उभा आहे. शेक्सपिअरच्या हॅम्लेटचे एल्सिनोर ते हेच. ज्या नाटकाला आगरकरांनी १८८३ साली ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आणले, त्याचे रंगस्थळ पहाटेच्या धुक्यातून हळूहळू मागे सरकताना पाहून माझ्यातील शिक्षक सुखावला. आणखीही एका गोष्टीचे स्मरण झाले. १९२९ च्या ऑगस्टमध्ये, ८ ते २१ तारखेपर्यंत, याच हेलसिंगोर येथे न्यू एज्युकेशन फेलोशिप या संस्थेची आंतरराष्ट्रीय शिक्षणपरिषद भरली होती, आणि तिला वयाच्या बहात्तराव्या वर्षी अण्णासाहेब कर्वे उपस्थित होते. मातृभाषेतून उच्च शिक्षण देणाऱ्या आपल्या महिला विद्यापीठाची कहाणी जगापुढे मांडण्यासाठी त्यांनी तो प्रवास आरंभिला होता. पुढे अमेरिका आणि जपान पाहून ते १९३० च्या एप्रिलात स्वदेशी परतले. अण्णांना हेलसिंगोरचे चौदा दिवस मिळाले. आमच्या बोटीने ते गाव अर्ध्या तासात मागे टाकले.

कोपनहेगनला उतरल्यावर सर्व प्रवासी जे पाहतात ते आम्हीही पाहिले. हान्स अँडरसनच्या कथेतील जलकन्येचा छोटा पुतळा, जो १९१३ पासून लांगेलिनीच्या काठावर एका खडकावर बसलेला आहे; आमालियेनबोर्ग राजवाड्यासमोरील पहारा; नीहाव्न नावाच्या कालव्याच्या काठची रंगीत घरे. तेथून एका उघड्या नावेतून आम्हांला बंदरात फिरवून आणण्यात आले. पलीकडच्या तीरावर क्रिस्तियान्सहाव्न हा चौथ्या ख्रिश्चन राजाने वसविलेला भाग आहे. तेथे पाण्याला लागून असलेल्या एका जुन्या, भारदस्त इमारतीकडे बोट करून मार्गदर्शिका म्हणाली, की हे डेन्मार्कचे परराष्ट्रखाते. सर्वांनी माना डोलावल्या आणि नाव पुढे गेली.

ज्या चौकाभोवती ते परराष्ट्रखाते वसले आहे त्या चौकाचे नाव ‘आसियाटिस्क प्लाद्स’, म्हणजे ‘आशियाई चौक’, असे आहे. १७३२ साली स्थापन झालेल्या डॅनिश एशियाटिक कंपनीची मुख्य कचेरी १७३८ च्या सुमारास येथेच बांधली गेली. या कंपनीची जहाजे चीनला जात, त्याचप्रमाणे कावेरीच्या मुखाजवळील तरंगंबाडी या बंदरासही जात. युरोपीय लोक त्या बंदराला ट्रांकेबार म्हणत. आणि तरंगंबाडी ज्या राज्यात होती, ते राज्य तंजावरच्या भोसल्यांचे होते. हे सारे मी सुटे सुटे कधीतरी वाचलेले होते. परंतु नावेत बसलेलो असताना त्यांतले काहीही आठवले नाही. आठवले ते धारवाडास परतल्यावर, एलिझाबेथ स्ट्रॅंडबर्ग या विदुषीचा एक ग्रंथ हाती आला तेव्हा. डॅनिश संग्रहांत जपून ठेवलेले तंजावरचे मोडी कागद त्यांनी वाचले, त्यांचे इंग्रजीत भाषांतर केले, विवेचन केले आणि जर्मनीतील वीसबाडेन येथून १९८३ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. म्हणजे ज्या नगरीत मी आठ तास परका म्हणून हिंडलो, त्या नगरीत माझ्या भाषेचे, माझ्या पूर्वजांच्या लिपीतले कागद होते. ते तेथे कसे गेले, हे समजून घेण्यासाठी चार शतके मागे गेले पाहिजे.

डेन्मार्कमध्ये पहिली ईस्ट इंडिया कंपनी १६१६ साली निघाली. १६१८ च्या नोव्हेंबरात ओव्ह ग्येडे या तरुण सरदाराच्या नेतृत्वाखाली तिचे आरमार कोपनहेगनहून निघाले, आणि लंकेच्या किनाऱ्यास पोहोचण्यास त्याला १६२० चा मे उजाडला. वाटेत रोगराईने माणसे फार मेली. लंकेत मनाजोगे काही जमले नाही, तेव्हा तंजावरचा राजा रघुनाथ नायक याच्याशी १६२० च्या नोव्हेंबरात करार करण्यात आला. त्या करारान्वये तरंगंबाडी येथे कोठी घालण्याची आणि किल्ला बांधण्याची परवानगी डॅनिशांना मिळाली, आणि त्यांनी दरसाल ठरावीक रक्कम तंजावरच्या राजाला द्यावी असे ठरले. रघुनाथ नायकाने चौथ्या ख्रिश्चन राजाला पाठविलेले, सोन्याच्या पत्र्यावर कोरलेले पत्र कोपनहेगनच्या राजदप्तरात आजही आहे. तरंगंबाडीस जो किल्ला उभा राहिला त्याचे नाव डान्सबोर्ग. तोही समुद्रकाठी अद्याप उभा आहे.

या वसाहतीची कहाणी वैभवाची नाही. डेन्मार्क युरोपातील युद्धांत गुंतला आणि १६३९ नंतर जवळजवळ तीस वर्षे मायदेशाहून एकही जहाज तरंगंबाडीकडे निघाले नाही. अखेरची चौदा-पंधरा वर्षे तर एस्किल्ड अँडरसन कोंग्सबाके नावाच्या एका सामान्य माणसाने मूठभर सोबत्यांच्या आणि स्थानिक लोकांच्या साहाय्याने तो किल्ला राखला. जहाज आले नाही म्हणून त्याने निशाण उतरविले नाही. ज्या प्रवाशांना बोट चुकू नये म्हणून दर तासाला घड्याळ पाहावे लागते, त्यांनी ही हकीकत मुद्दाम ध्यानात ठेवावी.

या सुमारास तंजावरचे राज्य पालटले. शहाजीराजांचे पुत्र एकोजी, ज्यांना व्यंकोजी असेही म्हणतात, बंगळूरहून दक्षिणेस गेले आणि १६७६ च्या सुमारास तंजावरचे स्वामी झाले. येथे आम्हां कर्नाटकातील मराठी वाचकांना एक गोष्ट विशेष जवळची वाटावी. महाराष्ट्रातून तंजावरास गेलेली मराठी कर्नाटकातून गेली आहे. शहाजीराजांची जहागीर बंगळुरास होती, आणि त्यांचा देह १६६४ साली याच कर्नाटकात, होदिगेरे येथे पडला. एकोजींच्या बरोबर जी दप्तरे, जे कारकून, जे पंडित आणि जे शिलेदार कावेरीकाठी गेले, त्यांच्या भाषेवर कानडीचा हात आधीच फिरलेला होता. पुढे तिच्यात तेलुगू आणि तामिळ शब्द मिसळले आणि तंजावरी मराठीचे वेगळे वळण तयार झाले. एकोजींचे पुत्र शहाजी यांनी तेलुगूत रचना केली, तशीच मराठीतही नाटके लिहिली. त्यांचे ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे मराठीतील आरंभीच्या नाटकांपैकी एक म्हणून आपल्या वाङ्मयेतिहासकारांना ठाऊक आहे.

राज्य बदलले तरी कूळ तेच राहिले. कूळ हा शब्द मी विचारपूर्वक वापरीत आहे. तरंगंबाडीचे डॅनिश हे भोसल्यांच्या राज्यातील कूळच होते. दरसाल ठरलेली रक्कम द्यावी, नवी जागा हवी असल्यास विनंती करावी, तंटा झाल्यास दरबाराकडे दाद मागावी, असा तो संबंध होता. तो नेहमीच गोडीचा होता असे नाही. १६९८-९९ मध्ये तंजावरच्या फौजेने तरंगंबाडीस वेढा घातला आणि मद्रासेहून इंग्रजांची कुमक आली म्हणून ती वसाहत वाचली. आसपासची काही खेडीही वेळोवेळी डॅनिशांकडे आली. सत्तेची उंची त्या काळी कोणत्या बाजूस होती, हे यावरून स्पष्ट व्हावे. युरोपीय म्हटला की राज्यकर्ता आणि आपण म्हटले की रयत, असे चित्र एकोणिसाव्या शतकाने आपल्या मनावर इतके ठसविले आहे, की त्याआधी दीडशे वर्षे काय होते याची कल्पनाही आपल्या पाठ्यपुस्तकांतून येत नाही.

अशा संबंधातून कागद निर्माण होतात. धनी आणि कूळ यांच्यामध्ये पत्रव्यवहार असतो, पावत्या असतात, करार असतात, गाऱ्हाणी असतात. आणि तंजावर दरबाराचे दप्तर मोडीत होते. प्रजा तामिळ, संगीत आणि काव्य बहुतांशी तेलुगू, पण दरबाराची लेखणी मराठी, असा तो त्रिवेणी व्यवहार होता. दरबाराकडून येणारा मराठी कागद तरंगंबाडीच्या गव्हर्नराला जपून ठेवावाच लागे, कारण त्याच्या वसाहतीचा हक्क असल्याच कागदांवर उभा होता. व्यापाऱ्याच्या या सावधपणामुळे तंजावरचे मोडी कागद डेन्मार्कात पोहोचले आणि टिकले. ते कोणाच्या भाषाप्रेमामुळे टिकलेले नाहीत. इतिहासात पुष्कळ गोष्टी अशाच उरतात.

डॅनिशांचा आणि तंजावरचा संबंध केवळ भाडेपट्ट्यापुरता राहिला नाही. ९ जुलै १७०६ रोजी झीगेनबाल्ग आणि प्लुत्शाउ हे दोन जर्मन धर्मोपदेशक डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याच्या आज्ञेने तरंगंबाडीस उतरले. त्यांनी तामिळ शिकून छापखाना घातला आणि बायबलचा नवा करार तामिळमध्ये छापला. १७५० साली श्वार्ट्झ हा मिशनरी याच बंदरात उतरला. पुढे तो तंजावर दरबाराचा विश्वासू झाला आणि तुळजाजीराजांनी १७८७ साली आपला दत्तकपुत्र सरफोजी याच्या सांभाळाचा भार मृत्युसमयी त्याच्यावर सोपविला. श्वार्ट्झ १७९८ साली वारला, त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला. सत्ता गेलेल्या या राजाने सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले, आणि बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास १८०३ साली मराठीत कोरविला. इतका मोठा मराठी शिलालेख तामिळ देशात असावा, हेही एक नवलच आहे.

मराठी आणि डेन्मार्क यांचा आणखी एक धागा बंगालात सापडतो. कलकत्त्याजवळील श्रीरामपूर ही डेन्मार्कची दुसरी वसाहत होती. इंग्रज कंपनीने आपल्या मुलखात मिशनऱ्यांना थारा दिला नाही, तेव्हा विल्यम कॅरे आणि त्यांचे सहकारी या डॅनिश गावाच्या आश्रयास गेले. तेथील छापखान्यात १८०५ साली कॅरे यांचे मराठी व्याकरण छापले गेले, आणि १८१० साली मराठी शब्दकोश निघाला तो मोडी टाइपात. कोश निघाला तेव्हा ते गाव काही वर्षांपुरते इंग्रजांच्या ताब्यात होते, पण छापखाना तोच. वैजनाथ पंडितांसारख्या मराठी पंडिताचे साहाय्य कॅरे यांना लाभले होते. अशा रीतीने आपल्या मोडीचा हस्तलिखित अवतार कोपनहेगनास गेला आणि तिचा मुद्रित अवतार डॅनिशांच्या वसाहतीत जन्मास आला. पुढे १८४५ साली डेन्मार्कने तरंगंबाडी आणि श्रीरामपूर ही दोन्ही ठाणी साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकली आणि हा सव्वादोनशे वर्षांचा संबंध संपला.

येथे एक तुलना मनात आल्यावाचून राहत नाही. कोपनहेगनहून आपल्या देशी आलेले काही प्रवासीही होते. कार्स्टन नीबूर हा १७६१ च्या जानेवारीत कोपनहेगनहून अरबस्तानच्या मोहिमेवर निघालेल्या मंडळींपैकी एक. त्याचे सारे सोबती एकामागून एक मरण पावले, शेवटचा तर मुंबईतच. एकटा उरलेला नीबूर १७६३-६४ मध्ये मुंबईस राहिला. त्या अवधीत त्याने घारापुरीच्या लेण्यांची मोजमापे घेतली, चित्रे काढली आणि पुढे ती प्रसिद्ध केली. रास्मुस रास्क हा भाषापंडित १८२० साली मुंबईस आला आणि पारशांच्या अवेस्ता ग्रंथाच्या प्राचीन पोथ्या मिळवून कोपनहेगनला घेऊन गेला. त्या पोथ्या युरोपातील अवेस्ताच्या अभ्यासाचा मोठा आधार ठरल्या. ही मंडळीही आपल्या देशातून जाणारे पाहुणेच होती. पण येण्यापूर्वी ती काहीतरी शिकून आली होती, आणि काय शोधावयाचे ते त्यांना ठाऊक होते. आमच्या बोटीवरील आम्ही मराठी माणसे तेथे गेलो ती काय शोधावे हे न जाणता गेलो. दोष आठ तासांचा नव्हता. आठ तासांत दप्तरातील कागद वाचून होत नाहीत हे खरे, पण पाण्याकाठच्या त्या जुन्या इमारतीकडे पाहून आपल्या तंजावरची आठवण होण्यास आठ क्षणही पुरे होते.

माझ्या अज्ञानाचे दुसरे अंग याहून अधिक लाजिरवाणे आहे. समजा, कोणी मला त्या दप्तरात नेऊन ते कागद पुढे ठेवले असते, तरी मला ते वाचता आले नसते. आधी शिरोरेषा ओढून मग बोरू न उचलता लिहीत जाण्याची ती लिपी. तिच्यात ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, शब्दाशब्दांत अंतर नाही, आणि ओळखीच्या शब्दांची तर केवळ खूण केलेली असते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती आपल्या कारकुनांच्या आणि सावकारांच्या हातांत होती. माझे आजोबा ती सहज लिहीत. माझ्या वडिलांना वाचता येई, लिहिता येत नसे. मला ती अक्षरे दिसतात, पण बोलत नाहीत. एक परदेशी विदुषी ती लिपी कष्टाने शिकते, तंजावरी मराठीची वळणे समजून घेते, आणि ज्यांच्या घरची ती लिपी ते आम्ही तिच्या इंग्रजी भाषांतरावर विसंबतो. यात त्या विदुषीचा गौरव आहे. आमच्याविषयी काय म्हणावे, ते वाचकांनीच ठरवावे.

हा प्रश्न धारवाडास तर अधिकच जवळचा आहे. १७९१ च्या एप्रिलात, कित्येक महिन्यांच्या वेढ्यानंतर, परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेने टिपूच्या किल्लेदाराकडून धारवाडचा किल्ला घेतला, त्या वेळी तिकडे तरंगंबाडीस पेटर आंकर हा नॉर्वेजियन गृहस्थ डॅनिश राजाचा गव्हर्नर होता. त्याने दक्षिणेतील देवळांची काढलेली चित्रे आज ऑस्लोच्या संग्रहालयात आहेत, आणि तीही मी ऑस्लोत असून पाहिली नाहीत. तात्पर्य, त्या एकाच काळात धारवाडच्या छावणीतून आणि तंजावरच्या दरबारातून निघणारे हुकूम एकाच लिपीत निघत होते. तंजावरकडचे कागद सरस्वती महालात जपले गेले, तामिळ विद्यापीठाने मोडी कागदांचे तामिळ अनुवाद प्रसिद्ध केले, आणि जे डेन्मार्कात गेले त्यांची व्यवस्था तेथील दप्तरदारांनी केली. आमच्याकडे मात्र देशपांडे-कुलकर्ण्यांच्या वाड्यांतील माळ्यांवर कित्येक रुमाल अजून न सोडता पडून आहेत. वाडे पाडून तेथे नवी घरे उठत आहेत, आणि रुमालांचे काय होते हे कोणी विचारीत नाही.

या कागदांविषयी बोलताना एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. धारवाडच्या शाळांत आणि कचेऱ्यांत एके काळी मराठीचे वर्चस्व होते, आणि त्यामुळे कानडीची उपेक्षा झाली. ती उपेक्षा दूर करण्यासाठी डेप्युटी चन्नबसप्पांसारख्यांना झटावे लागले. त्या जुन्या वर्चस्वाची आठवण म्हणून मोडी जपावी असे मी म्हणणार नाही. या रुमालांत ज्या शेतांचे, तळ्यांचे, देवस्थानांचे आणि माणसांचे उल्लेख असतात, ती बहुतेक कानडी आहेत. म्हणून हे कागद वाचण्याची गरज जितकी मराठीच्या अभ्यासकाला, तितकीच कन्नड इतिहासकाराला आहे. तंजावरास तामिळ विद्वानांनी मराठी दप्तर आपलेच मानले. आपल्याकडेही दोन्ही भाषांच्या शिक्षकांनी एकत्र बसून हे काम करता येईल.

म्हणून साहित्यसंस्थांच्या सदस्यांना माझी विनंती साधी आहे. हुबळी-धारवाड परिसरातील शिक्षकांसाठी मोडीचा वर्ग दर उन्हाळ्यात एक महिना चालवावा. ज्या घरांत रुमाल आहेत त्यांची यादी करावी आणि मालकाच्या संमतीने कागदांची छायाचित्रे घ्यावीत. यास मोठा निधी लागत नाही. चार माणसांचा नियमितपणा लागतो. आणि ज्यांची मुले त्यांना युरोपच्या बोटीवर पाठविणार आहेत, त्यांनी निघण्यापूर्वी एवढेच पाहावे, की ज्या बंदरांत आपण उतरणार आहोत त्यांचा आपल्या भाषेशी कधी काही संबंध आला होता काय.

माझ्या घरातील रुमाल मी गेल्या महिन्यात सोडला. वरच्याच कागदावर तारीख लागली, दोन नावे लागली, आणि एका शेताची चतुःसीमा लागली. त्यापुढील मजकूर अद्याप लागत नाही.